कोवळ्या ज्वारीत तीन कालवडी दगावल्या, चाचणीत मात्र सायनाइड ‘आढळले नाही’

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार. बारा दिवस झाले, अजून नीट झोप लागत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

चारा-ज्वारीची पहिली कापणी झाल्यावर खोडव्याला फुटवा आला होता. मध्ये पाण्याचा बराच ताण पडला. मग पाऊस आला आणि त्यानंतर आठवडाभर आभाळ भरलेलंच. फुटवा गुडघ्याच्या वर गेला होता. त्या दिवशी कुंपण एका जागी पडलं आणि सात जनावरं आत शिरली. आम्हाला कळायला अंदाजे दीड तास लागला असावा. बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात एक कालवड झोकांड्या खायला लागली. धाप लागली, तोंडाला फेस आला, खाली बसली ती उठलीच नाही. अंधार पडेपर्यंत तीन गेल्या. चार वाचल्या, त्यात एक गाभण गाय आहे.

कोवळ्या ज्वारीत सायनाइड असतं हे आम्ही सगळेच ऐकत आलोय. दोन दिवसांनी मी त्याच शेतातली पानं कापली, सावलीत वाळवली आणि कागदी पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवली. काल अहवाल आला. हायड्रोजन सायनाइड : आढळले नाही. एवढंच.

आता घरात एकच बोलणं चाललंय, की कोणीतरी मुद्दाम काहीतरी घातलं. बांधावरच्या शेजाऱ्याशी आमचा जुना वाद आहे. तक्रार करायची तयारी झाली आहे, पण माझं मन घेत नाही. अहवालाचा अर्थ खरंच ‘ज्वारीचा दोष नाही’ असा होतो का?

---

अर्क

माळरानदादा, फार वाईट वाटलं. मी चाऱ्याच्या आणि वनस्पतींच्या रासायनिक तपासणीचं काम करते. आधी मुद्द्याचं सांगते : या अहवालावरून ज्वारी निर्दोष ठरत नाही. नमुना प्रयोगशाळेत पोचला तेव्हा त्यात सायनाइड नव्हतं, एवढंच त्यावरून कळतं.

ज्वारीत सायनाइड सुटं नसतं. धुरिन नावाच्या साखर जोडलेल्या संयुगात ते बांधलेलं असतं. ते फोडणारी विकरं (एन्झाइम) त्याच पानात, पण वेगळ्या कप्प्यात असतात. पान चावलं, चिरडलं, गोठलं किंवा कोमेजलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. जनावराच्या पोटात हे काही मिनिटांत घडतं. तुमच्या कागदी पिशवीत ते दोन-तीन दिवस चाललं असणार आणि वायू पिशवीतून केव्हाच निघून गेला असणार.

सायनाइडसाठी नमुना घ्यायचा तो ताजा, शक्यतो घटनेच्या दिवशीच. हवाबंद डब्यात काठोकाठ भरायचा आणि लगेच गोठवून, गोठलेलाच पोचवायचा. मेलेल्या जनावराच्या कोठीपोटातला, म्हणजे रवंथाच्या मोठ्या पोटातला, चारासुद्धा असाच. बरण्या अर्ध्या रिकाम्या असल्या तरी वरच्या पोकळीत वायू जमतो आणि झाकण उघडताच उडून जातो.

शेतावरच अंदाज घ्यायला पिक्रेट कागदाची जुनी चाचणी आहे. ठेचलेली पानं बाटलीत घालायची, वर पिवळा पिक्रेट कागद लटकवायचा, बूच घट्ट लावायचं. सायनाइड असेल तर कागद विटकरी तांबडा होतो. जितका लवकर आणि जितका गडद, तितका धोका जास्त. पण कागद तयारच आणा. पिक्रिक आम्ल कोरडं झालं की स्फोटक असतं, ते घरात आणूच नका.

---

निवडुंग

मी मेंढ्या पाळतो, वीस वर्षं झाली. माझा अनुभव असा की जनावराला विषारी झाड कळतं. रानात काय खायचं न् काय सोडायचं हे आई पिल्लाला शिकवते. सात जनावरं एकाच शेतात, एकच चारा खाऊन तीन मरतात आणि चार जगतात, हे मला पटत नाही. ज्वारी विषारी असती तर सातही गेली असती. शेजाऱ्याबद्दल काही बोलत नाही, पण शंका येणं साहजिक आहे.

---

दावण

मी पशुवैद्य आहे. निवडुंगदादा, तुमचं निरीक्षण अर्धं खरं आहे. कळपाला ओळखीच्या रानातली झाडं कळतात. पण ज्वारी हा रोजचा चारा आहे, तिला नाकारायचं कारणच जनावराकडे नसतं. आणि सातांपैकी तीन जाणं हे विषबाधेत नेहमी दिसतं. उपाशीपोटी कोण होतं, दांडगाई करून आधी कोणी खाल्लं, कोणी भसाभस खाल्लं, यावर सगळं अवलंबून.

हिशेब बघा. रवंथ करणाऱ्या जनावराला शरीराच्या दर किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड प्राणघातक धरतात. ३०० किलोच्या कालवडीला ६०० मिलिग्रॅम. ओल्या चाऱ्यात किलोमागे २०० मिलिग्रॅम असेल, तर ३ किलो चारा झाला. भुकेलं जनावर तेवढं बघता बघता खातं. पण तेच ३ किलो दिवसभरात खाल्लं, तर यकृत सायनाइडचं थायोसायनेट करून बाहेर टाकत राहतं आणि काहीच होत नाही.

माळरान, आता मला काही गोष्टी सांगा. रक्ताचा रंग कसा होता? कोणी पाहिला का? शेवटचं खत कधी आणि कोणतं दिलं होतं? जनावरं शिरल्यापासून पहिली लक्षणं दिसेपर्यंत किती वेळ गेला? आणि शवविच्छेदन झालं का?

---

माळरान

डॉक्टर, शवविच्छेदन झालं नाही. आलेल्या डॉक्टरांनी तिसरीच्या मानेतून रक्त काढलं होतं, तेव्हा मी शेजारी होतो. रक्त लाल नव्हतं. तपकिरी, काळपट, कॉफीच्या रंगाचं. मला वाटलं मरताना तसंच होत असेल. हिरड्या निळसर करड्या झाल्या होत्या. त्यांनी इंजेक्शन भरेपर्यंत ती गेली.

जनावरं नेमकी कधी शिरली ते सांगता येत नाही, पण पहिली पडली ती दोन-अडीच तासांनंतर असावी. खत म्हणाल तर पाऊस झाल्या झाल्या युरिया टाकला होता. दरवेळेपेक्षा जास्त टाकला, ताणात गेलेलं पीक उभं राहावं म्हणून.

---

दावण

मग तुम्ही चाचणी चुकीच्या विषाची केली आहे, असं मला वाटतं.

सायनाइडमध्ये रक्त भडक, चेरीसारखं लाल दिसतं. प्राणवायू रक्तात असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही म्हणून. आणि ते फार झटपट घडतं, पुष्कळदा जनावर शेतातच पडतं. तपकिरी रक्त, निळसर हिरड्या आणि दोन-तीन तासांचा अवधी ही खूण नायट्रेटची आहे.

ज्वारी दोन्ही विषं बाळगू शकते. ताणानंतर पाऊस पडला की मुळं नायट्रेट ओढून घेतात. पानांनी ते प्रथिनात बदलायचं, पण त्यासाठी ऊन लागतं. तुमच्याकडे आठवडाभर आभाळ होतं आणि वर जास्तीचा युरिया. नायट्रेट खोडात साचत गेलं असणार.

पुढचं काम कोठीपोटातले जंतू करतात. ते नायट्रेटचं नायट्राइट आणि नायट्राइटचं अमोनिया करतात. चारा हळूहळू आला तर अमोनियापर्यंत गाडी नीट जाते. एकदम आला तर मधल्या नायट्राइटचा साठा होतो आणि ते रक्तात उतरतं. तिथे ते हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं. ते प्राणवायू वाहू शकत नाही, रंग तपकिरी. २० ते ३० टक्के हिमोग्लोबिन असं बदललं की लक्षणं दिसतात, ८० टक्क्यांच्या आसपास जनावर जातं. घोड्याला कोठीपोट नाही, म्हणून तोच चारा तो बराच जास्त सोसतो.

एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. सायनाइडच्या उपचारात आम्ही सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतो. नायट्राइट मुद्दाम थोडं मेथहिमोग्लोबिन तयार करतं आणि ते सायनाइडला धरून ठेवतं. हेच औषध नायट्रेटच्या जनावराला दिलं तर आपणच त्याला मारतो. तिथे मिथिलीन ब्लू लागतं. म्हणून ‘ज्वारी खाल्ली’ एवढं सांगून भागत नाही, रक्ताचा रंग बघूनच सुई भरायची. तो रंगही मेल्यानंतर काही तासांत बदलतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाहून उपयोग नाही.

तुमच्या गाभण गायीवर लक्ष ठेवा. वाचलेली गाय काही दिवसांनी गाभडू शकते, वासराला प्राणवायू कमी पडलेला असतो.

---

अर्क

डॉक्टरांशी पूर्ण सहमत, आणि यात एक चांगली बाजू आहे. वाळवल्यानं सायनाइड उडून जातं, नायट्रेट जात नाही. कडब्यातही ते तसंच राहतं. म्हणजे तुमचा नमुना वाया गेलेला नाही.

पण तुम्ही पानं पाठवलीत. नायट्रेट सर्वांत जास्त असतं ते खोडाच्या खालच्या भागात, पानात कमी. शेत अजून उभं असेल तर वेगवेगळ्या दहा-पंधरा ठिकाणांहून पूर्ण ताटं, जमिनीलगत कापून घ्या. जिथे जनावरं चरली ती जागा वेगळी ठेवा. खालचा वीतभर भाग आणि वरचा भाग वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. आणि पत्रात ‘विष तपासा’ असं लिहू नका, ‘नायट्रेटचं प्रमाण, कोरड्या वजनावर’ असं स्पष्ट लिहा. तुम्ही जे विचारता तेवढ्याचंच उत्तर आम्ही देतो. सगळी विषं एका वेळी दाखवणारं यंत्र कोणाकडेच नाही.

घाई असेल तर डायफिनाइलअमाइनची ठिपका-चाचणी असते. खोड उभं चिरून कांड्याजवळ थेंब टाकला की गडद निळा रंग येतो. त्यात तीव्र गंधकाम्ल असतं, म्हणून ती जाणत्यानंच करायची. ती ‘आहे’ एवढंच सांगते, किती ते सांगत नाही.

---

पर्णिका

मी वनस्पतीजन्य विषांवर संशोधन करते, म्हणून थोडं विषयाच्या कडेनं लिहिते. माळरानदादांच्या बाबतीत जे झालं ते या शास्त्रात पुन्हा पुन्हा झालेलं आहे : झाड बरोबर पकडलं, पण विष चुकलं.

अमेरिकेतल्या ‘लोको’ वनस्पतींचं उदाहरण घ्या. त्या खाऊन घोडे, गुरं वेड्यासारखी वागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा दोष बेरियम या धातूवर टाकला होता. खरं विष स्वेनसोनिन. ते १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात, स्वेनसोना नावाच्या दुसऱ्याच वनस्पतीतून वेगळं केलं गेलं आणि नंतर लोकोमध्येही सापडलं. त्याहून पुढची गोष्ट अशी की लोकोमध्ये ते झाड बनवतच नाही, झाडाच्या आत राहणारी बुरशी बनवते. म्हणजे शेजारी शेजारी उभी एकाच जातीची दोन झुडपं, एक घातक आणि एक निरुपद्रवी असू शकतात. नमुना एकाच झुडपाचा घेतला तर अहवाल काहीही सांगेल.

किंवा एका डोळ्याची कोकरं. अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये मेंढ्यांना कपाळावर एकच डोळा असलेली पिल्लं होत होती. कारण निघालं व्हेरॅट्रम नावाची डोंगरी वनस्पती. पण ती मेंढीनं गाभण राहिल्यावर १४ व्या दिवसाच्या सुमारास खाल्ली तरच असं व्यंग येतं. मेंढी स्वतः ठणठणीत दिसते. वनस्पतीतून सायक्लोपामिन हे विष वेगळं काढलं, त्यावरून गर्भाच्या वाढीचा एक महत्त्वाचा रासायनिक मार्ग समजला आणि त्याच मार्गावर काम करणारं त्वचेच्या कर्करोगाचं औषध २०१२ मध्ये बाजारात आलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. सुरुवात मेंढपाळांनी ‘यंदा अशी पिल्लं का होतायत’ असं विचारण्यापासून झाली होती.

---

निवडुंग

पर्णिकाताई, १४ व्या दिवसाचं वाचून मी सुन्न झालो. मग हे सगळं तपासता कसं? उंदरावर करता ना? उंदराला काय होतं यावरून मेंढीचं कसं कळणार?

---

पर्णिका

बरोबर प्रश्न विचारलात. उंदरात निम्मे प्राणी मारणारी मात्रा काढतात, तिचा उपयोग एकाच वर्गातल्या संयुगांची आपसात तुलना करायला होतो, कोण जास्त तीव्र आणि कोण कमी. तिथून थेट गायीवर उडी मारता येत नाही. लार्क्सपर या रानटी वनस्पतीतली अल्कलॉइडं (झाडांतली नायट्रोजनयुक्त विषारी संयुगं) गुरांना मारतात, मेंढ्या तीच वनस्पती बऱ्याच जास्त प्रमाणात पचवतात. पायरोलिझिडीन अल्कलॉइडं असलेल्या सेनेसिओ या झुडपाचंही तसंच, घोडे आणि गुरं नाजूक, शेळ्या-मेंढ्या चिवट.

कोठीपोटातले जंतू तर सगळा हिशेबच पालटतात. सुबाभळीत मिमोसिन असतं. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणारी जनावरं आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या तीच खाऊन धडधाकट. शोध घेतल्यावर कळलं की हवाईच्या शेळ्यांच्या कोठीपोटात त्या विषाचा निचरा करणारा जंतू आहे. त्याला पुढे सिनर्जिस्टीस जोन्सी नाव मिळालं. तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या कोठीपोटात सोडला आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. झाड तेच, रसायन तेच, चाचणीचा आकडाही तोच, आणि परिणाम उलटा.

तुमचं ‘आई पिल्लाला शिकवते’ हे मी नाकारत नाही. पण ज्या विषाचा त्रास त्या दिवशी जाणवतच नाही, ते कोणती आई शिकवणार? सेनेसिओनं यकृत आतून खराब होतं आणि जनावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी खंगतं. तोवर ते झुडूप शेतात उरलेलंही नसतं. तिथे वनस्पतीचा नमुना मिळतच नाही, यकृताचा तुकडा तपासावा लागतो. त्यात अल्कलॉइडांपासून बनलेले पायरोल प्रथिनांना चिकटून राहिलेले असतात.

---

रानहळद

मध्येच विचारते, क्षमा करा. आमच्या दोन शेळ्यांनी घाणेरी खाल्ली आहे असा संशय आहे. चार दिवस झाले, खाणं बंद, डोळे पिवळे, नाकाची आणि कानाची कातडी उन्हानं सोलल्यासारखी. पानं तपासायला पाठवू का?

---

दावण

ताई, आधी शेळ्या सावलीत, शक्य तर अंधाऱ्या जागी बांधा आणि आजच जवळचे पशुवैद्य बोलवा. पानांचा अहवाल नंतर. घाणेरीतल्या लँटाडिननं पित्ताचा मार्ग अडतो, एरवी पित्तातून बाहेर जाणारं रंगद्रव्य रक्तात साठतं आणि ऊन लागलं की कातडी भाजते. शिवाय कोठीपोट थंडावतं, त्यामुळे खाल्लेली पानं आतच पडून विष सोडत राहतात. म्हणून चार दिवसांनीसुद्धा पोटात सक्रिय कोळसा किंवा बेंटोनाइट (एक प्रकारची माती) देण्याचा उपयोग होतो. पण ते डॉक्टरांकडूनच, शेळीच्या वजनाप्रमाणे.

---

अर्क

रानहळदताई, पानांसोबत फुलांची फांदीही ठेवा. घाणेरीचे सगळे प्रकार सारखे विषारी नसतात, ओळख पटायला फूल लागतं.

---

माळरान

नायट्रेटचा अहवाल आज आला. खालच्या खोडाचा आकडा ०.३६ टक्के, वरच्या भागाचा ०.१०. मी शोधून पाहिलं तर सगळीकडे लिहिलंय की ०.५ टक्क्यांपर्यंत चारा सुरक्षित. म्हणजे हेही नाही. पुन्हा जिथल्या तिथेच. घरचे म्हणतात आता तक्रार कर.

---

अर्क

दादा, थांबा. आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. ‘नायट्रेट’ की ‘नायट्रेट-नायट्रोजन’?

---

माळरान

‘नायट्रेट-नायट्रोजन, कोरड्या वजनावर’.

---

अर्क

मग तो आकडा ४.४३ नं गुणा. काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेट मोजून लिहितात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. नायट्रेटचा रेणू नायट्रोजनच्या अणूपेक्षा तेवढा जड असतो. ०.३६ चे झाले सुमारे १.६ टक्के नायट्रेट. तुम्ही वाचलेली ०.५ ची मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. १ टक्क्याच्या वरचा चारा धोक्याचा धरतात. खालचं खोड भरपेट खाल्लेल्या जनावराला १.६ पुरेसं आहे. आणि हा नमुना घटनेनंतर दोन आठवड्यांहून जास्त दिवसांनी घेतलेला आहे, मधल्या काळात ऊन पडलं असेल तर त्या दिवशी प्रमाण याहून जास्तच असणार.

वरच्या भागाचे ०.१० म्हणजे ०.४४ टक्के. एकाच ताटातला हा फरक बघा.

हे एकक अहवालावर ठळक लिहायला हवं, असं मी आमच्याकडे कितीदा सांगितलंय. तुमच्यासारख्या माणसानं तो आकडा वाचून चारा पुन्हा दावणीला टाकला असता.

---

दावण

रक्ताचा रंग, वेळ, युरिया, ढगाळ आठवडा आणि आता हा आकडा. पाचही एकाच दिशेला बोट दाखवतात. मृत जनावराच्या डोळ्यातलं पाणी घेतलं असतं तर आणखी पक्कं झालं असतं. मेल्यावरही त्यात नायट्रेट बराच काळ टिकून राहतं. कोणावर पुन्हा अशी वेळ आली तर आलेल्या डॉक्टरांना तेवढं आठवण करून द्या. पण मला आता शंका उरलेली नाही.

उभ्या पिकाचं काय करणार आहात? ढगाळ हवेत आणि पावसानंतर लगेच कापू नका. कापाल तेव्हा खालचं वीत-दीड वीत खोड शेतातच सोडा. मुरघास (हवाबंद खड्ड्यात आंबवलेला हिरवा चारा) केला तर आंबताना नायट्रेटचा बराच भाग मोडतो, पण सगळा नाही. जनावरांना घालण्याआधी पुन्हा तपासा. सुरुवातीचे दिवस मुरघासाच्या खड्ड्यातून पिवळसर तपकिरी वायू निघू शकतो. तो माणसालाही मारतो, वाकून बघू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. आणि उपाशी जनावर अशा चाऱ्यावर सोडू नका, आधी दुसरी वैरण पोटात जाऊ द्या.

---

निवडुंग

माळरान, मी वर शंकेबद्दल लिहिलं ते मागे घेतो. मी न बघता बोललो. मेंढ्यांच्या शेतातला फुटवा उद्याच तपासायला देतो आहे, ताट जमिनीलगत कापून.

---

माळरान

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तक्रारीचा कागद फाडला. काल संध्याकाळी शेजाऱ्याकडे गेलो आणि दोन्ही अहवाल दाखवले. त्याचीही ज्वारी माझ्यासारखीच ताणातून निघालेली आहे आणि त्यानंही पावसावर युरिया टाकलाय. उद्या तो जनावरं सोडणार होता. आज सकाळी आम्ही दोघांनी मिळून त्याच्या शेतातून पंधरा ठिकाणची ताटं कापली, खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा. पत्रावर मीच लिहिलं : नायट्रेट, कोरड्या वजनावर, एकक स्पष्ट लिहावे.

गाभण गाय खाते आहे. आज वासरू पोटात हललेलं हाताला जाणवलं.